अबू सालेहच्या सळ्या

बुरैदात नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका म्हाताऱ्याच्या पोटावर चार गोल व्रण पाहिले आणि धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "या माणसाला कधीतरी गोळ्या लागल्या आहेत." आमचे डॉक्टर इद्रिस सुदानचे. ते उठून आले, त्यांनी म्हाताऱ्याचा सदरा वर करून बघितलं आणि दोघंही मोठ्याने हसले. म्हातारा तर खोकला येईपर्यंत हसला.

"गोळ्या कसल्या? इलाज आहे तो," डॉक्टर म्हणाले. "तापलेल्या लोखंडाचा. लहानपणी पोट दुखायचं म्हणून बापाने करून आणला."

मी ड्रेसर. जन्म लांज्याजवळच्या एका गावातला, जखमा बांधायला शिकलो मुंबईत, आणि नोकरीची बहुतेक वर्षं गेली ती सौदीतल्या या बुरैदा शहरात, एका खासगी दवाखान्यात. माझं नाव पद्माकर. अरबीत प नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मी ‘बद्माकर’ झालो आणि महिन्याभरात नुसता ‘बद्र’. बद्र म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. पुढे टक्कल पडलं तेव्हा ते नाव शोभायला लागलं.

लोकांना वाटतं, ड्रेसर म्हणजे कापूस, औषध आणि पट्टी. खरं तर हे काम नाकाचं. पट्टी सोडताना जो पहिला वास येतो त्यात निम्मी जखम कळते. मग डोळे, मग हात. आणि या सगळ्यांच्या बरोबरीने कान. रोज पंधरा-वीस मिनिटं ज्याचा पाय तुमच्या मांडीवर असतो, तो माणूस डॉक्टरला न सांगितलेलं सगळं तुम्हाला सांगतो. बुरैदा खजुरांचं गाव. हंगामात आमच्याकडे काटा लागलेल्यांची रांग असायची. खजुराच्या झावळीचा काटा दाभणासारखा असतो आणि तो नेमका बोटाच्या सांध्यात मोडून राहतो. बांगलादेशी, इजिप्शियन, पाकिस्तानी मजूर आपापलं सुजलेलं बोट दुसऱ्या हातात धरून बसलेले असायचे. हंगाम सरला की उरायचे साखरेच्या आजाराने सडलेले पाय. आणि अधूनमधून डागणीच्या जखमा.

डागणीला अरबीत ‘कै’ म्हणतात. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी लागणारं ‘कै.’ आठवून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. हळूहळू मी ते डाग वाचायला शिकलो. मनगटाच्या आतल्या बाजूला डाग म्हणजे कधीतरी कावीळ झाली होती. घोट्याच्या मागे असेल तर कंबरेतून पायात उतरणारी कळ. टाळूवर मधोमध केस न उगवलेलं छोटं चक्र म्हणजे जुनी डोकेदुखी. नाभीभोवती चार म्हणजे पोट. हे सगळं म्हाताऱ्यांपुरतंच होतं असंही नाही. एकदा धाहरानच्या तेल कंपनीतला एक तरुण इंजिनियर सुट्टीवर घरी आला होता. काखेत कंबरेच्या एमआरआयचं पाकीट आणि घोट्यामागे ताजा डाग.

"इंजिनियर साहेब, हे काय?" मी विचारलं.

"आई ऐकेना," तो म्हणाला.

मला यामागचं शास्त्र समजून घ्यायचं होतं. आपण ज्याला वेडेपणा म्हणतो त्याच्यामागे एखादा विचार असणारच, नाहीतर माणसं इतकी शतकं स्वतःच्या पोरांना तापलेलं लोखंड कशाला लावतील? दुपारची नमाज झाली की दवाखाना दोनेक तास बंद असायचा. तेव्हा डॉक्टर इद्रिस पुदिन्याचा चहा घेत मला शिकवायचे. हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांचं म्हणणं असं की शरीरात चार रस असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. कोणी उष्ण, कोणी थंड, कोणी ओला, कोणी कोरडा. चौघांचा समतोल बिघडला की आजार. थंड ओला रस डोक्यातून खाली उतरतो आणि सांध्यात जाऊन बसतो. त्याला वाळवायला आग. कुठे रस कोंडला असेल तर त्याला बाहेरची वाट करून द्यायलाही आगच. त्यासाठी कुठल्या जागेला कुठल्या आकाराची सळई वापरायची याची चित्रंसुद्धा जुन्या अरबी पोथ्यांत काढलेली आहेत. पण आधी पथ्य, मग औषध, आणि काहीच चाललं नाही तर लोखंड. तिकडे म्हणच आहे, शेवटचं औषध कै.

मला यातलं काहीच परकं वाटलं नाही. पपई उष्ण, काकडी थंड, दही रात्री बाधतं, हे ऐकतच मी मोठा झालो. दवाखान्यात येणारी निम्मी माणसं विचारायची, "बद्र, ही गोळी गरम की थंड?" मी बेधडक सांगायचो, "गरम आहे, जेवणानंतर घ्या." गोळी वेळेवर पोटात जायची.

पण एवढं शहाणपण मला सुरुवातीला नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक तरुण बाप पाच-सहा महिन्यांचं मूल घेऊन आला. मुलाच्या छातीवर तीन ताजे डाग, त्यात पू झालेला. त्याला मलम हवं होतं. मी जखम साफ करता करता भडकलो. जेवढी अरबी येत होती तेवढी सगळी त्याच्यावर ओतली आणि शेवटी त्याला जनावर म्हणालो. तो मुलाला शालीत गुंडाळून निघून गेला. डॉक्टर इद्रिस बाहेर येईपर्यंत त्याची गाडी गेलीसुद्धा.

"तुझं म्हणणं बरोबर होतं," डॉक्टर मला म्हणाले. "पण तो आता परत येणार नाही."

तो आला नाही. त्या मुलाला कशासाठी डागलं होतं, ताप किती दिवसांचा होता, श्वास कसा चालला होता, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. कातडीवरच्या तीन जखमा दिसल्या, आतला आजार बघायचा राहिला. आज इतक्या वर्षांनीही मला त्या मुलाचं नाव माहीत नाही.

अबू सालेह आले ते यानंतर बऱ्याच वर्षांनी. अबू सालेह म्हणजे सालेहचे वडील. तिकडे वडीलधाऱ्याला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारणं हाच मान. पंचाहत्तरीचे असतील. काटक, मेंदीने रंगवलेली दाढी, हातात काठी. मुलगा सालेह शाळेत मास्तर, तो त्यांना धरून घेऊन आला होता. मी मोजा काढला. उजव्या तळव्याला, चवड्यापाशी, काळं पडलेलं भोक होतं आणि शेजारची दोन बोटं निळसर झाली होती.

"कोणी केलं हे?" मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"मी."

"स्वतःच?"

"मग काय शेजाऱ्याला बोलावू? या गावात लोक माझ्याकडे येतात. पायात थंडी शिरली होती. लाकूड झालं होतं लाकूड. लोखंड ठेवलं, कळलंच नाही. पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा वाटलं, सळई बिघडली."

सळई ठीक होती. साखरेच्या आजाराने पायाच्या नसा मेल्या होत्या. डॉक्टर इद्रिसनी तपासून सांगितलं, दोन बोटं काढावी लागतील, नाहीतर पुढे पाय जाईल. अबू सालेह म्हणाले, "अल्लाहने दहा दिली, दहाच परत करीन." विषय संपला. ते रोज ड्रेसिंगला यायला मात्र तयार झाले. मीही मनाशी ठरवलं की या माणसाला परत न येण्याचं कारण द्यायचं नाही.

अशी आमची बैठक सुरू झाली. मी मेलेली कातडी कापायचो आणि ते मला त्यांची विद्या सांगायचे. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या हेच काम. सात सळ्या, चामड्याच्या गुंडाळीत. एकीचं टोक खजुराच्या बीसारखं, एकीचं खिळ्याच्या डोक्यासारखं, एक चपटी. लोखंड लालबुंद हवं. काळसर असेल तर कातडीला चिकटतं. गरोदर बाईला लावायचं नाही. कडक उन्हाळ्यात लावायचं नाही.

"आणि जागा कशी शोधायची?" मी विचारलं.

"अंगठ्याने," ते म्हणाले. "दाबत दाबत जायचं. माणूस जिथे श्वास धरतो, तिथे थांबायचं."

एके दिवशी मी त्यांना म्हणालो, "माझ्यावरही काम झालंय." आणि सदरा वर करून दाखवला. माझ्या पोटावर पाच बारीक काळे ठिपके आहेत. चार महिन्यांचा असताना माझं पोट फुगलं म्हणून गावच्या एका बाईने दिलेले. अबू सालेह पुढे झुकले. चष्मा नव्हता, म्हणून अंगठ्यानेच चाचपून बघितलं.

"हे लोखंड नाही."

"नाही. बिब्बा नावाचं बी असतं. सुईला टोचून दिव्यावर धरतात, तेल सुटतं. ते चटकन टेकवतात."

"बी!" त्यांना फार मजा वाटली. "तुमच्याकडे लोखंड नव्हतं?" मग गंभीर होऊन विचारलं, "गुण आला?"

"मी जगलो."

"म्हणजे आला."

"माझ्या आधी एक भाऊ झाला होता. त्यालाही असेच पाच दिले होते. तो गेला."

मी पट्टी गुंडाळत राहिलो. पट्टी संपत आली तेव्हा ते म्हणाले, "हे मला कोणी सांगत नाही, बद्र. ज्यांची पोरं जगली ते खजूर घेऊन येतात. ज्यांची गेली ते वाट बदलतात."

ड्रेसिंग सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले असतील. त्या दिवशी अबू सालेह आले ते काखेत चामड्याची गुंडाळी घेऊन. चेहरा ओढलेला. सालेह मागे उभा, त्याच्या हातात गाडीची किल्ली सारखी हलत होती.

"आज लवकर उरक," अबू सालेह म्हणाले. "शेतावर जायचंय. सालेहच्या पोरीला."

सालेहला पस्तीस दिवसांची मुलगी होती. बाळंतीण चाळीस दिवसांसाठी गावाबाहेर तिच्या आईच्या शेतावर राहिली होती. पोर जन्मल्यावर थोडी पिवळी होती, ती उतरली असं वाटलं, आणि आता पुन्हा डोळे हळदीसारखे झाले होते. सालेहला तिला दवाखान्यात आणायचं होतं. त्याची सासू म्हणाली, घरात अबू सालेह असताना पोरीला सुया कशाला टोचायच्या? सालेह दोघांच्या मध्ये सापडला होता.

माझ्या घशाशी तेच जुने शब्द आले. मी ते गिळले आणि पाय मांडीवर घेऊन विचारलं, "शी कुठल्या रंगाची होते?"

अबू सालेहनी माझ्याकडे वळून बघितलं. "का विचारतोस?"

"सांगतो. आधी रंग कळू दे."

सालेहने बायकोला फोन लावला. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर लंगोटाचा फोटो आला. त्याने तो मला दाखवला. पांढरट, ओल्या शाडूसारखी. माझ्या हातातला चिमटा थांबला. मी फोन अबू सालेहच्या डोळ्यांजवळ धरला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग गुंडाळी काखेतून काढून टेबलावर ठेवली आणि माझ्यापासून दूर सरकवली.

"लोखंड लावायचं नाही," ते म्हणाले.

"काय?" सालेह म्हणाला.

"माझ्या बापाचा नियम. पिवळं मूल आणि पांढरी विष्ठा, त्याला लोखंड लावायचं नाही. तो आजार आपला नाही."

मी थक्क झालो. पुस्तकात वाचलेली खूण या माणसाच्या घरात चार पिढ्या तोंडी चालत आली होती. "का लावायचं नाही? बापाने कारण सांगितलं होतं?"

"ती मुलं मरतात," अबू सालेह म्हणाले. "मग लोक म्हणतात, लोखंडाने मारलं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाप आधी रंग विचारायचा. मी विचारलाच नाही. बायकांनी पिवळी म्हटलं आणि मी सळ्या उचलल्या."

मी डॉक्टर इद्रिसना बोलावलं. त्यांनी फोटो बघितला आणि उभ्या उभ्याच पत्र लिहायला घेतलं. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी काही मुलांची जन्मतःच बंद असते. पित्त आत तुंबतं, मूल पिवळं पडतं, आणि शीला रंग देणारं पित्त खाली पोचतच नाही म्हणून शी पांढरी. दोन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर आशा. इथे पस्तीस दिवस गेले होते. डॉक्टर सालेहला म्हणाले, "पोरीला घे आणि आजच रियाधला जा. उद्या नाही."

सालेहच्या सासूला फोन अबू सालेहनी स्वतः केला. डॉक्टरांनी सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. "मी लावणार नाही," एवढंच ते म्हणाले. "माझ्याने होणार नाही. पोरीला दे." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. त्यांनी फोन कानापासून दूर धरून तो पूर्ण ऐकून घेतला आणि मग बंद केला.

चौथ्या दिवशी ते माझ्यासमोर पाय पसरून बसले असताना रियाधहून सालेहचा फोन आला. तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टर पोट उघडायचं म्हणत होते, सही हवी होती. सही बापाची चालते, पण सालेहला वडिलांचा होकार हवा होता. अबू सालेहनी फोन छातीशी धरला आणि माझ्यावर डोळे रोखले.

"माझं लोखंड नको म्हटलं, मी ठेवून दिलं. आता त्यांचं लोखंड तिचं पोट फाडणार?"

"अबू सालेह, तुम्ही कावीळ झालेल्याला डाग का देता?"

"पिवळा रस आत कोंडतो. त्याला वाट करून देतो."

"तेच झालंय. रस कोंडलाय. पण बंद झालेली वाट खोल आहे, यकृताच्या तोंडाशी. कातडीवरून तिथे पोचता येत नाही. ते आत जाणार, आतड्याचा तुकडा वर नेऊन यकृताला जोडणार. पित्ताला नवी वाट."

ते ऐकत राहिले. त्यांचा अंगठा नकळत स्वतःच्या बरगडीखाली उजव्या बाजूला जाऊन दाबत होता.

"जगेल?"

खोटं सांगायचा मोह झाला. "ठाऊक नाही," मी म्हणालो. "काहींची वाट सुरू होते, काहींची होत नाही. पण काहीच केलं नाही तर जगणार नाही, एवढं नक्की."

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "सालेह, यल्ला, चल. सही कर."

ऑपरेशननंतरचे दिवस आमच्या दवाखान्याने एका लंगोटाची वाट बघण्यात काढले. सालेह रोज फोटो पाठवायचा. अबू सालेह तो घेऊन यायचे, मी बघायचो, डॉक्टर बघायचे, रिसेप्शनवरचा केरळचा जोसेफही काउंटर सोडून यायचा. पांढरी. पांढरी. थोडी पिवळसर वाटते का? नाही, उजेडामुळे. दहाव्या दिवशी अबू सालेह दारातूनच काठी उंचावत आले. फोटोत स्वच्छ हिरवट पिवळी शी होती. आयुष्यात इतकी सुंदर शी मी पाहिली नाही. त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक माणसाला खजूर मिळाले, आणि कशाबद्दल हे कळल्यावरही कोणी हातचा खजूर खाली ठेवला नाही.

खजूर वाटून झाल्यावर ते डॉक्टर इद्रिसच्या खोलीत गेले आणि त्यांनी पाय टेबलावर ठेवला. "ती पोर एवढीशी, ती सुरीखाली गेली," ते म्हणाले. "दोन बोटांसाठी मी किती दिवस रडत बसू? घ्या." पुढच्या आठवड्यात बोटं काढली. जखम हळूहळू भरली. पाय वाचला. ते भरून येणारं मांस लाल, दाणेदार दिसायला लागलं तेव्हा मी त्यांना आरशात दाखवलं. आमच्या धंद्यातला सगळ्यात चांगला दिवस तो असतो.

पोरीचं सगळंच ठीक झालं असं नाही. यकृतावर कायम लक्ष ठेवावं लागणार, कदाचित पुढे कधीतरी बदलावंही लागेल, असं रियाधच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

वर्षभराने एका संध्याकाळी अबू सालेह तिला घेऊन आले. पायात खास बनवून घेतलेला बूट, चाल थोडी तिरकी. सालेह गाडी लावत होता. त्यांनी पोरीला माझ्या टेबलावर बसवलं आणि सालेह यायच्या आत तिचा फ्रॉक वर केला. पोटावर, बरगडीच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट गुलाबी रेघ होती. अबू सालेहनी तिच्यावरून अंगठा फिरवला. पोरीला गुदगुल्या झाल्या, तिने त्यांची दाढी धरली.

"एका हाताचं काम आहे," ते म्हणाले. "मध्ये कुठे अडखळला नाही. मला त्या माणसाला भेटायचं होतं. रियाधला गेलो तेव्हा तो सुट्टीवर."

"आभार मानायला?"

"तेही. पण एक विचारायचं होतं. पोट उघडल्यावर पित्त कसं दिसतं? आम्ही चार पिढ्या पित्तावर इलाज केला, बद्र. बघितलं कोणीच नाही."

"मी बघितलंय," मी म्हणालो. "मुंबईला ऑपरेशनच्या वेळी उभा असायचो तेव्हा."

ते एकदम पुढे झाले. "पिवळं असतं ना?"

"पित्ताच्या पिशवीतलं गडद हिरवं असतं. विहिरीतल्या शेवाळासारखं."

बाहेर सालेहची पावलं वाजली. अबू सालेहनी दाढी सोडवून घेतली आणि पोरीचा फ्रॉक नीट खाली ओढला.

"हिरवं," ते स्वतःशीच म्हणाले. "हिरवं!"